कडेवरचं, पाठीवरचं आणि झोळीतलं

सून माझ्या नातवाला पोटाशी पट्ट्यांनी जखडून भाजी आणायला जाते. खांद्यावर पट्टे, कमरेला बकल, मध्ये पोरगं लोंबकळतंय. "आई, बाहेरच्या देशांत सगळ्या असंच नेतात," म्हणते. मी आधी बकल ओढून बघते. मग शिवण बघते. मग पोराचं नाक मोकळं आहे ना, ते बघते. ती हसते. "किती हो संशयी तुम्ही." आहे बाई. या घरात संशय सासूकडून सुनेकडे येतो, पितळेच्या डब्यांसारखा. तुझीही पाळी येईल.

आणि बाहेरच्या देशांचं कौतुक मला नको सांगू. पाठीपोटाला बांधलेली मुलं मी नाशकातच पाहिली आहेत, गंगापूर रोडच्या पुढे द्राक्षाचे मळे मोडून प्लॉट पडत होते तेव्हा. फक्त बकलं नव्हती, जुन्या लुगड्याची गाठ असायची.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, हे सरकारी कचेरीत कारकून, आणि आमचा पहिला मुलगा सहा-सात महिन्यांचा. आमच्या कॉलनीत मूल कडेवर घ्यायचं, तेही डाव्या. उजवा हात कुलूप उघडायला, दूध घ्यायला, भांडायला मोकळा. देवळाली कॅम्पातल्या बायका बाबागाडी ढकलत येत, त्यांच्याकडे आम्ही माना वळवून बघायचो. एवढ्या धडधाकट बाईला पोर उचलवत नाही म्हणजे नक्की काहीतरी दुखणं असणार, असं आमचं ठरलेलं. बापांचं तर विचारूच नका. हे मुलाला दोन्ही हातांवर आडवं धरायचे, परातीत कणीक आणल्यासारखं, आणि कोपऱ्यावर कचेरीतलं कोणी दिसलं की माझ्याकडे देऊन मोकळे व्हायचे.

आणि पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या बाया. भाताची कामं संपली की त्या नवऱ्यांबरोबर शहरात बांधकामावर यायच्या. त्या मूल पाठीवर बांधायच्या. पोराची मान एका बाजूला कललेली, आईच्या डोक्यावर विटांची रास, आणि दोघांनाही त्याचं काही नाही. मला ते बघवायचं नाही. जे मूल आपल्याला दिसत नाही ते आपल्यापाशी आहे असं कसं म्हणायचं? मागून कोणी काढून नेलं तर? समोरच्या घरातल्या काकू म्हणायच्या, "पाय फेंगडे होतात अशाने." काकूंना सगळंच ठाऊक असायचं.

पण माझा पहिला संशय त्या बायांवर नव्हता, माझ्या सासूवर होता. सासूला मी आत्याबाई म्हणायचे. बाळंतपणानंतर त्या सायखेड्याहून आल्या आणि चांगला मुक्काम ठोकून राहिल्या. हाडकुळ्या, गुडघे गेलेल्या, तोंडाने फटकळ. मला "मास्तरीण" म्हणायच्या, म्हणजे कौतुकानेच असं लोक सांगायचे. त्यांची एक खोड मला सहन होत नव्हती. दुपारी मी तासभर पाळणा हलवून हात मोडून घ्यावेत, पोराचा डोळा लागावा, आणि यांनी येऊन त्याच्या नाकाखाली बोट धरावं. तेवढ्यावर भागायचं नाही. तळपायाला टिचकी मारायच्या. पोरगं दचकून भोकाड पसरायचं, की या शांतपणे जाऊन सुपारी कातरत बसायच्या.

"आत्याबाई, आत्ताच झोपला होता हो."

"झोपंल परत. कुठं जातोय?"

मी चरफडायचे. झोपलेलं मूल उठवू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. नातवाची झोप बघवत नाही, की सुनेला दुपारची पाठ टेकू द्यायची नाही? ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आईचं तसंच आहे. मलाही उठवायची." झालं. आईचा विषय निघाला की ह्यांचं बोलणं तिथेच संपायचं.

आमच्या घरात एक अडचण होती. सासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच देव्हारा, नवस, दृष्ट काढणं, सगळं बंद केलं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाकी काही नाही. चांगलंच होतं ते, माझंही तेच मत. पण पोर किरकिर करायला लागलं की शेजारणी मीठमोहऱ्या ओवाळून मोकळ्या व्हायच्या. आम्हाला दृष्टीवर ढकलायची सोय नव्हती. मग संशय घ्यायला उरतात माणसं.

कांद्याची लागवड आली तशा आत्याबाई सायखेड्याला परतल्या. माझी रजा संपली. मुलाला सांभाळायला कोणीतरी हवं होतं, आणि शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं. तिथे एक डोंगरातली बाई विटा वाहायची. विशीची असेल नसेल. तिच्या पाठीवर माझ्या मुलाएवढीच, थोडी मोठी, एक मुलगी कायम बांधलेली. काम अर्ध्यावर थांबलं, मुकादम गेला, हिचा नवरा दुसऱ्या तालुक्यात कामावर गेला, आणि ही मजुरांच्या पालावर राहून गेली. मी तिला विचारलं. काकू लगेच माझ्या कानाशी आल्या. "तिचं पोर अंगावर असेल तर तुझं जमिनीवर राहील. आधीच सांगून ठेवते."

म्हणून मी त्या बाईला विचारलं, "तू आमच्याकडे आलीस तर मुलीला कोण बघेल?"

तिने छातीवरची लुगड्याची गाठ चाचपली. म्हणाली, "बहीण हाय पालावर. ती बघंल."

"आणि याला पाठीवर बांधायचं नाही. कडेवर घ्यायचं."

"बरं, बाई."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिची पाठ रिकामी होती. मला विचित्रच वाटलं. त्या मुलीशिवाय मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. चालताना ती अजून तशीच वाकून चालायची.

पहिले काही दिवस मी खुशीत होते. मग मला दिसायला लागलं. एक म्हणजे पोरगं माझ्या शाळेच्या वेळात रडतच नव्हतं, हे काकू शपथेवर सांगायच्या. न रडणारं मूल तुम्ही पाहिलंय? मी नाही. दुसरं, मी परत आले की तो दूध पिऊन गाढ झोपायचा, हलवलं तरी उठायचा नाही. तिसरं, त्याच्या मांड्यांवर लाल वळ. आणि त्याच्या जावळाला चुलीच्या धुराचा वास, आमच्या घरात गॅस असताना. मी तिला एकेक विचारलं. वळ कसले? "दुपट्याचे." धूर कसला? ती बादली उचलून नळावर. कामात मात्र बोट ठेवायला जागा नाही. संशयाला औषध नाही म्हणतात ते काही उगीच नाही. मी शाळेत फळ्यावर पाढे लिहायचे आणि डोळ्यांपुढे ते वळ.

तेवढ्यात आत्याबाई नातवाला बघायला आल्या. संध्याकाळची वेळ, ती बाई नुकतीच गेली होती. मी केर काढत होते तर पाळण्याखाली कागदाचा एक बोळा निघाला. उलगडला, आत काळपट, मऊसर गोळी, बाजरीच्या दाण्याहून जरा मोठी. मला वाटलं हिंग. आत्याबाईंनी ती माझ्या हातातून घेतली, नाकाशी नेली, आणि मटकन खाली बसल्या. गुडघ्यांमुळे त्या कधीच तशा बसत नसत.

"अफू हाय," त्या म्हणाल्या.

 मी पाळण्याकडे धावले, पोराला उचललं, तो झोपेतच वैतागला. सगळं जुळत होतं. न रडणं, गाढ झोप. डोंगरातल्या लोकांत असंच देत असणार, मी बडबडत होते, कामाला जाताना पोरांना गोळी चारून टाकत असणार, आणि मी मूर्ख माझं पोर तिच्या हाती दिलं.

"डोंगरातलं मला नाय म्हाईत," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्याकडं द्यायचे. नदीकाठच्या गावांत, निंदायला-खुरपायला जाणाऱ्या बाया."

"तुम्हाला वासावरून बरं कळलं."

त्या गोळी कागदात परत गुंडाळत राहिल्या. माझ्या मनात येऊन गेलं, चोराच्या मनात चांदणं. पण ते विचारायची वेळ नव्हती. ती गोळी आम्ही काड्यापेटीत घालून फळीवर ठेवली, पुरावा म्हणून.

मी तिला सकाळीच हाकलणार होते. आत्याबाईंनी अडवलं. "हाकललीस तर ती नाय म्हणंल आन् दुसरीकडं जाईल, दुसऱ्याच्या पोराला चारंल. हातोहात धर." संशयात त्या माझ्याहून वरचढ निघाल्या. ठरलं असं की मी पर्स घेऊन शाळेला निघाल्यासारखं करायचं, आत्याबाईंनी नाशिकरोडला भाचीकडे जाते म्हणून सांगायचं, आणि दोघींनी मागच्या बाजूने काकूंच्या घरात शिरायचं. त्यांच्या खिडकीतून आमचं दार, ओटा आणि शेजारचं अर्धवट बांधकाम, सगळं दिसायचं. पोर नजरेआड होणार नव्हतं. काकूंना तर आनंदच झाला. त्यांनी चहा टाकला, वर पोहे विचारले. 

ती सकाळी आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. तिने माझ्याकडून मुलाला कडेवर घेतलं, सांगितल्याप्रमाणे. आम्ही निघालो, वळसा घालून खिडकीशी बसलो.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ती ओट्यावर आली. इकडे तिकडे पाहिलं, वाकली, मुलाला पाठीवर सरकवलं, जुनं लुगडं त्याच्या बुडाखालून ओढून छातीशी गाठ मारली. सराईतपणे. काकू म्हणाल्या, "बघ, बघ, म्हटलं नव्हतं?" लाल वळांचा उलगडा झाला. ती बाहेरच्या नळावर बसून बाळुती आपटत होती, आणि माझा मुलगा तिच्या पाठीवर टक्क जागा होता. तिचे केस ओढत होता. ती वाकली की तो हसायचा. ती सरळ झाली की पुन्हा वाकायची वाट बघायचा. कॉलनीतलं कुत्रं, दूधवाल्याची सायकल, सगळ्यांकडे तो मान वळवून बघत होता. एवढं जग त्याने माझ्या कडेवर कधी पाहिलं नसेल.

"हा तर जागा हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"देईल आता. थांबा."

पण ती काही देत नव्हती. दोन बाळुती वाळत घातली की हात पुसून शेजारच्या अर्ध्या बांधकामात जायची, लगेच बाहेर यायची. पुन्हा आपटायला बसायची. पुन्हा जायची. जाताना दर वेळी आमच्या दाराकडे बघायची. त्या बांधकामात काय होतं? छप्पर नाही, दारं नाहीत, नुसत्या भिंती आणि बांबूची परांची. मी म्हटलं, तिथेच ठेवत असणार तिचं सामान, चूल, तो धूर, आणि तिथेच गोळ्या.

  आत्याबाईंनी एकदम माझं मनगट धरलं.

"मास्तरीण, तिची पोरगी कुठं हाय?"

"बहिणीकडे. पालावर."

"तू पाह्यलीस का ती बहीण?"

मी नव्हती पाहिली. कोणीच नव्हती पाहिली. मी तोंड उघडेपर्यंत आत्याबाई दारातून बाहेर पडल्या होत्या. ज्या बाईला दोन पायऱ्या उतरायला भिंत लागायची, ती खडीच्या ढिगावरून पळत गेली. मी मागे. नळावरून ती बाई ओरडली नाही, फक्त उठून उभी राहिली, हातात पिळलेलं बाळुतं तसंच.

आतल्या खोलीत दोन बांबूंना बांधलेली लुगड्याची झोळी होती. बाजूला तीन विटांची चूल, विझत आलेली. झोळीत ती मुलगी. जिला मी कायम पाठीवर पाहिलं होतं ती. तोंड उघडं, ओठ निळसर. आत्याबाईंनी नाकाखाली बोट धरलं. मग तळपायाला टिचकी मारली. मग चापट. मुलगी हलली नाही.

"शेक आहे का?" मी म्हटलं. म्हणजे श्वास म्हणायचं होतं मला, तोंडातून काय आलं देव जाणे.

"हाय. थोडा हाय. टांगा बघ."

टांगा कोपऱ्यावर होता. आम्ही बसलो त्याचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून कधी गेलं नाही. आत्याबाईंनी मुलीला खांद्यावर उभं धरलं होतं, आडवं होऊ देत नव्हत्या, सारखे तळवे चोळत होत्या, कानात हाका मारत होत्या. शेजारी ती आई, तिच्या पाठीवर माझा मुलगा, बांधलेला तसाच, तो टांग्यात बसायला मिळालं म्हणून खुश. आणि मी समोर, रिकाम्या हातांची, मांडीवर पर्स.

ती बोलत होती, सारखं तेच. "बहीण नाय बाई. कुणी नाय. पाठीवर दोघं घेतली तर तुम्ही कामावरनं काढाल. आमच्यात नाय देत असलं. पालावरच्या बाईनं शिकवलं, थोडी दे, निजून ऱ्हाईल. रोज थोडीच द्यायची. आजची काल हरवली, रातभर पालावर शोधली. आज दुसऱ्या बाईकडनं आणली, मोठी होती."

हरवलेली काड्यापेटीत होती, आमच्या फळीवर.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पापण्या उघडून बघितल्या आणि एकदम आवाज चढवला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मुलीला आत नेलं, पोट धुतलं, नाकाशी नळी लावली. मग ते बाहेर आले. मुलीला आणलेलं आत्याबाईंनी, आई दुसऱ्याच मुलाला पाठीवर घेऊन उभी, त्यांना काही कळेना.

"कोणी दिली अफू?"

ती बाई भिंतीला चिकटली. पोलीस हा शब्द डॉक्टरांनी दोनदा उच्चारला.

"म्या दिली," आत्याबाई म्हणाल्या.

"तुम्ही? आजी, अक्कल आहे का? एवढ्याशा जिवाला?"

"नाय. नव्हती अक्कल."

डॉक्टरांनी त्यांना नाही नाही ते सुनावलं. माझी सासू, जिला गावात कोणी उलटून बोलायची छाती नव्हती, ती मान खाली घालून सगळं ऐकत राहिली. मला मध्ये पडायचं होतं. मी "अहो डॉक्टर" एवढं म्हणाले तर त्यांनी माझा हात असा दाबला की मी गप्प बसले. शेवटी डॉक्टर कंटाळून आत गेले.

आम्ही बाकावर बसून राहिलो. ऊन पायरीवरून पार भिंतीवर चढलं. माझा मुलगा भुकेने कळवळला तेव्हा त्या बाईने गाठ सोडून त्याला माझ्याकडे दिलं. मी त्याला पाजलं, आणि ती बघत होती.

मग आतून रडणं ऐकू आलं. आधी मांजरासारखं, मग चांगलं खणखणीत. नर्सने मुलीला बाहेर आणलं, म्हणाली, आता झोपू देऊ नका, फिरवत राहा. आई धावली, पण आत्याबाईंनी आधी हात पुढे केले. मुलीला कडेवर घेतलं, डाव्या, आणि व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागल्या. मुलगी चिडून, लाल होऊन रडत होती. तिची आई मागे मागे, "द्या आजी, मी उगी करते."

"उगी नको करू. रडू दे तिला."

मी जवळ गेले. हळूच म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही खोटं का सांगितलंत? पोलीस आले असते तर?"

"खोटं कुठं?" त्या चालायच्या थांबल्या नाहीत. "तुझ्या नवऱ्याच्या आधीची व्हती माझी एक. कांद्याच्या लागवडीला जायचे मी. बांधावर बाभळीला झोळी बांधायची, सासूनं दिलेली गोळी चारायची. रोजच द्यायचे. एक दिस वाफा उरकून आले, पाजायला काढली." त्यांनी मुलीला कडेवर वर सरकवलं. "ही बघ कशी रडती. माझी नाय रडली."

हे ह्यांनाही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा हे बराच वेळ आपल्या तळपायांकडे बघत बसले.

आत्याबाई त्यानंतर सायखेड्याला परत गेल्या नाहीत. कांदा कोणी लावायचा तो लावो, म्हणाल्या. ती बाई आमच्याकडेच राहिली. सकाळी माझा मुलगा तिच्या पाठीवर चढायचा, तिची मुलगी आत्याबाईंच्या कडेवर, आणि काकू खिडकीतून पायांचं भाकीत करायच्या. दुपारी दोन्ही पोरं एका सतरंजीवर झोपली की आत्याबाई भिंत धरून उठायच्या. आधी याच्या नाकाखाली बोट, मग तिच्या. मग टिचकी. मी वह्या तपासत तिथेच बसलेली असायचे, कधी अडवलं नाही. मुलगी जास्त चिडकी, ती आधी रडायची. आत्याबाई तिच्यापाशी बसून तिचं रडणं ऐकत राहायच्या.